कोट, किल्ला आणि फोर्ट : मुंबईच्या तटबंदीची पार्श्वभूमी

‘मुंबईचा किल्ला १८६२ नंतर पाडून टाकला’ हे वाक्य मराठी लिखाणात इतक्या वेळा येते, की ते तपासून पाहावे असे फारसे कोणाला वाटत नाही. ते अर्धेच खरे आहे. पाडला गेला तो शहराभोवतीचा कोट. त्या कोटाच्या पूर्वेच्या अंगाला, बंदराला लागून असलेला मूळ किल्ला मात्र पूर्णपणे कधीच पाडला गेला नाही. त्याच्या तटाचा काही भाग, जुने सूर्यघड्याळ आणि दोन्ही बाजूंना पोर्तुगीज सैनिकांच्या आकृती असलेला दरवाजा आजही नौदलाच्या हद्दीत उभा आहे. सर्वसामान्य माणसाला तिथे सहज जाता येत नाही, आणि जे दिसत नाही ते नाहीच, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत.

हा गोंधळ शब्दामुळे झाला आहे, म्हणून आधी शब्दाकडेच पाहायला हवे. इंग्रजांच्या कागदपत्रांत बंदरावरच्या मूळ गढीला ‘कॅसल’ आणि तिच्याभोवती वसलेल्या तटबंद शहराला ‘फोर्ट’ असे दोन वेगळे शब्द होते. मराठीतही हा भेद सांगणारे शब्द तयार होते. गढी किंवा किल्ला म्हणजे शिबंदीची जागा, आणि कोट म्हणजे वस्तीभोवतीची भिंत. जुनी मुंबईकर माणसे ‘कोटात जाऊन येतो’ असेच म्हणत आणि ते अगदी अचूक होते. पुढे इंग्रजीवरून मराठीत लिहिताना कॅसलचाही किल्ला झाला आणि फोर्टचाही किल्लाच झाला. त्यातच १७६९ मध्ये उत्तर टोकाला बांधलेल्या सेंट जॉर्ज किल्ल्याची भर पडली. अशा रीतीने एका मैलाच्या परिसरातल्या तीन वेगवेगळ्या काळांतल्या आणि तीन वेगवेगळ्या कारणांसाठी झालेल्या बांधकामांना आपण एकाच नावाने ओळखू लागलो.

डोंगरी या नावाचेही तसेच झाले. सेंट जॉर्जचा किल्ला जिथे बांधला त्या परिसरात डोंगरी नावाची टेकडी आणि तिच्यावर एक किल्ला होता. शत्रूने ती टेकडी घेतली तर कोट तोफेच्या माऱ्यात येईल, म्हणून ती सपाट करण्यात आली. टेकडी गेली, पण तिचे नाव उत्तरेकडच्या वस्तीला चिकटून राहिले. आजच्या डोंगरीत फिरताना तो डोंगर कुठे दिसत नाही याचे कारण हेच आहे.

याहून मोठी चूक धारावीच्या बाबतीत होते, आणि ती दुरुस्त करण्याची निकड मला सर्वांत जास्त वाटते. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी धारावी घेतली, हे वाक्य वाचून अनेकजण मुंबईतल्या धारावीच्या काळ्या किल्ल्यावर भगवा फडकल्याचे लिहून मोकळे होतात. मोहिमेतली धारावी म्हणजे भाईंदरच्या पश्चिमेकडचे, उत्तनजवळचे धारावी बेट होय. वसईच्या खाडीच्या तोंडावर ते नेमके समोर येते, म्हणूनच ते ताब्यात घेणे भाग होते. मुंबईतल्या धारावीचा रिवा किल्ला, म्हणजेच बेस्टच्या आगाराला ज्याचे नाव मिळाले तो काळा किल्ला, इंग्रजांनी मराठ्यांच्याच भीतीने बांधलेला आहे. त्याच्या भिंतीवरच्या शिलालेखात तत्कालीन गव्हर्नराच्या हुकुमाने १७३७ मध्ये बांधल्याचे स्पष्ट लिहिले आहे. त्याच वर्षी ठाणे आणि साष्टीचा, म्हणजे मुंबईच्या उत्तरेला लागून असलेल्या पोर्तुगीजांच्या बेटाचा, बराचसा भाग मराठ्यांच्या हाती आला होता. एक किल्ला मराठ्यांनी जिंकलेला आणि दुसरा त्यांच्या धाकाने उभा राहिलेला, अशा या दोन गोष्टी नावसारखेपणामुळे एक होतात, तेव्हा दोन्हींचा अर्थ हरवतो.

टेकड्यांवरच्या किल्ल्यांची साखळी त्याआधीची आहे. मुंबई बेट इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे आले ते १६६८ मध्ये. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत शीव, वरळी, माझगाव, शिवडी अशा मोक्याच्या उंचवट्यांवर ठाणी उभी राहिली. शीव या नावातच सीमा आहे. टेकडीच्या अलीकडे इंग्रजांचे परळ, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी, आणि किल्ला त्या शिवेवर. वरळीच्या किल्ल्याला सर्रास पोर्तुगीज म्हटले जाते, पण तोही इंग्रजांचाच आहे.

ही ठाणी लढण्यापेक्षा पाहण्यासाठी आणि इशारा देण्यासाठी होती, हे १६८९ मध्ये उघड झाले. जंजिऱ्याच्या सिद्दीचे सैन्य शिवडीला उतरले, तिथला किल्ला त्यांनी सहज घेतला, माझगाव आणि माहीम पाठोपाठ गेले आणि इंग्रज बंदरावरच्या गढीत कोंडले गेले. सिद्दी मोगलांच्या चाकरीत होता, त्यामुळे औरंगजेबाकडे दीड लाख रुपये भरून, माफी मागून हा वेढा उठवावा लागला. जाताना, १६९० च्या जूनमध्ये, सिद्दीने माझगावचा किल्ला उद्ध्वस्त केला. त्या टेकडीवर आज बाग आहे.

शहराभोवती कोट घालण्याचे काम त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १७१५-१६ च्या सुमारास झाले. त्याला दक्षिणेला अपोलो, पश्चिमेला चर्च आणि उत्तरेला बाजार असे तीन दरवाजे होते. कोट पुरेसा नाही हे मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर मुंबईला कळून चुकले. वसई पडली त्याच वर्षी कोटाभोवती खंदक खणण्याचे ठरले आणि त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये दिले. ही रक्कम मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी नोंद वाटते, कारण भिंतीच्या आत राहणाऱ्या माणसांना बाहेरच्या बातमीची किती धास्ती वाटत होती, ते त्यातून कळते. पुढे फ्रेंचांच्या भीतीने आणि १८०३ च्या मोठ्या आगीनंतर कोटाबाहेरची मोकळी जागा वाढवत नेली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे त्याच मोकळ्या पट्ट्याचे उरलेले तुकडे आहेत. तोफांना समोरचे दिसावे म्हणून राखलेली ती जमीन होती.

कोट पाडण्याचा निर्णय चूक होता असे म्हणता येणार नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपल्यावर जमिनीवरून येणारा शत्रू उरला नव्हता, आतली दाटी असह्य झाली होती आणि खंदकाची घाण सर्वांच्या आरोग्यावर उठली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात येत होता आणि मोकळ्या होणाऱ्या जमिनीला गिऱ्हाईक होते. मात्र १८६२ पासून दोन-तीन वर्षांत सगळाच्या सगळा कोट नाहीसा झाला, एकही दरवाजा मागे ठेवला गेला नाही, ही गोष्ट आजही सलते. चर्चगेट हे नाव आता ज्या स्थानकाला आहे, तिथे तो दरवाजा कधीच नव्हता. तो फ्लोरा फाउंटनच्या, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकाच्या जागी होता.

आज जे उभे आहे त्यातले शिवडीचे बांधकाम सर्वांत शिकवणारे आहे. दगडी दरवाजातून आत गेल्यावर चौक लागतो आणि आतला दरवाजा समोर न येता काटकोनात येतो, म्हणजे बाहेरून धडक देत येणाऱ्याला वळावेच लागते आणि त्याचा वेग तुटतो. शीवच्या टेकडीवरून खाडी आणि मिठागरांकडे पाहिले की पहारेकऱ्याला काय दिसत असेल ते कळते. माहीमच्या किल्ल्यातल्या अडीचशेहून अधिक झोपड्या अलीकडेच हलवल्या गेल्या आणि कित्येक दशकांनी त्याचे दगड मोकळे झाले. या सगळ्या वास्तूंवर फलक आहेत, किंवा लागतील. कोटाची रेषा मात्र जमिनीवर कुठेही आखलेली नाही. तिच्या उत्तर टोकाची आठवण म्हणून सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, पी. डिमेलो मार्गाच्या बाजूला, सेंट जॉर्ज किल्ल्याच्या जाड भिंतीचा एक तुकडा उरला आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर रोज उतरणाऱ्या प्रवाशाला तो चालत काही मिनिटांवर आहे.