शेजवानमधून हरवलेली झिणझिण

चायनीजच्या गाडीवर शेजवान राईस मागवला की लालभडक भात समोर येतो. लसणाचा वास, व्हिनेगरचा आंबटपणा, डोळ्यांत पाणी आणणारा तिखटजाळ. मला तो मनापासून आवडतो. शेजवान म्हणजे सिचुआन, नैऋत्य चीनमधला प्रांत. पण सिचुआनचा माणूस हा भात खाऊन बुचकळ्यात पडेल. तिखट आहे, मग ओठ का झिणझिणत नाहीत?

सिचुआनी चवीला चिनी लोक 'मा-ला' म्हणतात. 'ला' म्हणजे तिखट आणि 'मा' म्हणजे मुंग्या येऊन बधिर होणं. आपल्याकडे यातला 'ला' तेवढा पोचला. 'मा' येतं हुआजिआओ नावाच्या फळांमधून. मिरीच्या दाण्यांएवढी ही लालसर फळं उकलतात, आतलं काळं बी टाकून देतात आणि सालच वापरतात. इंग्रजी नावात ('सिचुआन पेपर') मिरी असली तरी ही मिरी नव्हे आणि मिरचीही नव्हे. लिंबू, बेल, कढीपत्ता यांच्या कुळातलं हे झाड आहे, म्हणून सालीला लिंबासारखा वास येतो. मापो तोफू हा तिथला घरगुती पदार्थ. बाकला नावाच्या शेंगेच्या आंबवलेल्या दाण्यांची आणि मिरचीची लाल पेस्ट तेलात परततात, त्यात खिमा आणि तोफू शिजवतात आणि उतरवताना वरून भाजून कुटलेली हुआजिआओ भुरभुरवतात.

मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या अशा ग्राहींना चेतवतं, ज्यांचं काम उष्णता ओळखणं आहे. म्हणून मिरचीनं तोंड भाजल्यासारखं वाटतं. हुआजिआओतलं सान्शूल दुसऱ्या वाटेनं जातं. चेतापेशींमधून पोटॅशियम बाहेर जाण्याच्या काही वाटा ते बंद करतं. मग त्या पेशी, ज्यांत स्पर्श कळवणाऱ्याही असतात, काही न शिवताच मेंदूला खबर देऊ लागतात. मेंदूला वाटतं, ओठ थरथरतायत.

ही थरथर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी मोजलीसुद्धा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात लोकांच्या ओठांवर हुआजिआओ लावली आणि बोटाला यंत्रानं कंप दिला. ओठातली झिणझिण बोटातल्या कंपाशी जुळवायला सांगितलं, तेव्हा आकडा आला सेकंदाला सुमारे ५० वेळा. आपल्या घरातल्या विजेची वारंवारताही ५० हर्ट्झच आहे. म्हणजे 'ओठांतून वीज खेळली' हे वर्णन आकड्यातही चुकत नाही!

मग परदेशातल्या चायनीजमधून ही चव गेली कुठे? अमेरिकेत १९६८ पासून हुआजिआओच्या आयातीवर बंदी होती. लिंबूवर्गीय झाडांना पोखरणारा कँकर हा जिवाणूजन्य रोग तिच्यासोबत येईल, ही भीती होती. फळं तापवून जंतू मारण्याच्या अटीवर २००५ मध्ये बंदी उठली. तोवर अमेरिकेत सिचुआनी म्हणजे गोड-तिखट, एवढंच समीकरण पक्कं होऊन गेलं होतं.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. कोलकात्यात चिनी खानावळी थाटल्या त्या मुख्यतः दक्षिण चीनमधल्या हाक्का आणि कँटनी लोकांनी, आणि त्यांच्या घरच्या स्वयंपाकात हुआजिआओचं फारसं प्रस्थ नव्हतं. सिचुआनी पदार्थ मुंबईच्या बड्या हॉटेलांत १९७०च्या दशकात आले. तिथून ते गाडीवर उतरले तेव्हा हाताशी होत्या सुक्या मिरच्या, लसूण, सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. त्यातून जे घडलं त्याला मी भेसळ म्हणणार नाही. हातातल्या जिनसांवर चव बेतण्याचं काम प्रत्येक स्वयंपाकघर करतं. मिरची तरी चीनची कुठे आहे? ती अमेरिका खंडातून आली, सोळाव्या शतकात समुद्रमार्गे. त्याच शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यातही उतरली. सिचुआनी जेवणात झिणझिण आधीची आहे, तिखट नंतरचं.

आणि इथेच मला खरी हळहळ वाटते. कारण 'मा' आपल्या दारात उभं होतं. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या, तारल्यांच्या आमटीत जे तिरफळ घालतात, ते हुआजिआओचं सख्खं चुलत भावंड आहे. दोघांची प्रजाती (जीनस) एकच, झँथोझायलम. तीच उकललेली साल, तेच काळं बी, तोच लिंबासारखा वास. तिरफळातही सान्शूल गटातली द्रव्यं सापडतात. काटेरी खोडाचं हे झाड आपल्याच रानातलं. आमटीत तिरफळ वाटून न घालता ठेचून, शेवटाकडे घालण्याची रीत आहे, कारण त्याचा वास उडून जाणारा आहे आणि वाटलं तर कडवटपणा उतरतो. सिचुआनचा माणूसही हुआजिआओ शेवटी भुरभुरवतो. एकमेकांपासून दूरची दोन स्वयंपाकघरं, आणि हात एकाच क्षणी डब्याकडे जातो.

मी घरी करून पाहिलं. पाच-सहा तिरफळांच्या बिया काढल्या, साली मंद आचेवर कोरड्याच भाजून खलात कुटल्या. चमचाभर तेल गरम करून गॅस बंद केला आणि पूड त्यात टाकली, कारण सान्शूल पाण्यापेक्षा तेलात चांगलं उतरतं. ते तेल नेहमीच्या शेजवान चटणीत घालून नूडल्सवर ओतलं. पहिल्या घासाला फक्त वास. मग मिरची. अर्ध्या मिनिटानं जिभेच्या कडेला मुंग्या सुरू झाल्या, त्या ओठांवर पसरल्या, तोंडाला पाणी सुटलं. नंतर पाण्याचा घोट घेतला, तर साधं पाणीही वेगळंच लागलं. तिरफळं मात्र त्या वर्षीची हवीत. जुन्या डब्यातल्या तिरफळांना नुसता वास उरलेला असतो, झिणझिण विरून गेलेली असते.