गाडी ओरडते ती वेगळी, गाडी अडते ती वेगळी

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या मामांनी नवी गाडी घेतली आणि आठवड्यातच गॅरेजला नेली. तक्रार एकच. "ऐंशी झाले की टिंग टिंग करते. गव्हर्नर बसवून दिलाय गाडीला."

मेकॅनिकने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "मामा, ऐंशीच्या पुढे जाते का?"

"जाते की. घोटीपर्यंत शंभरने नेली."

"मग गव्हर्नर कुठला? तो असता तर शंभर दिसलेच नसते."

मामांचा घोटाळा तसा समजण्यासारखा आहे, कारण इशारा देणारी यंत्रणा असो की वेग अडवणारा गव्हर्नर, दोन्हीकडे आकडा ऐंशीचाच. पण मामांच्या गाडीत आहे तो नुसता इशारा. 1 जुलै 2019 पासून देशात बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारला तो सक्तीचा झाला. ऐंशी ओलांडले की थोड्या थोड्या वेळाने बीप, एकशेवीसच्या वर गेलात की अखंड. इंजिनाला तो हातही लावत नाही. सांगायचं काम त्याचं, ऐकायचं आपलं.

गव्हर्नर, म्हणजे कायद्याच्या भाषेत वेगनियंत्रक, वेगळ्या जातीचा. ट्रक, बस, पिवळ्या पाटीच्या टॅक्सी यांना तो लागतो. ठरलेला वेग आला की तो इंजिनाला जादा इंधन मिळू देत नाही. नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबईच्या टॅक्सीत पुढच्या सीटवर बसलात तर ड्रायव्हरच्या पायाकडे बघा. अ‍ॅक्सिलरेटर जमिनीला टेकलेला असतो आणि काटा ऐंशीला चिकटलेला. डंपर, टँकर आणि शाळेच्या बसना तर ही मर्यादा साठचीच आहे.

इथे आणखी एक गैरसमज भेटतो, आणि तो मामांच्या गैरसमजापेक्षा जास्त धोक्याचा आहे. गव्हर्नर आहे म्हणजे गाडी ऐंशीच्या वर जाणारच नाही, असं पुष्कळांना वाटतं. साधा गव्हर्नर ब्रेक मारत नाही, फक्त इंजिनाचा जोर काढून घेतो. कसारा घाट उतरताना गाडीला पळवतो तो उतार, इंजिन नव्हे. तिथे गव्हर्नर असला काय, नसला काय, खालचा गिअर आणि ब्रेक हेच कामाचे.

ड्रायव्हर मंडळी गव्हर्नरला शिव्या घालतात, त्यातही तथ्य आहे. पुढचा ट्रक पंचाहत्तरने चाललाय, तुम्हाला ऐंशीच्या वर जाता येत नाही. फरक ताशी पाच किलोमीटरचा. त्याची लांबी, तुमची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर मिळून चाळीस मीटर धरले, तरी ओव्हरटेकला जवळजवळ अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात तुम्ही सहाशे मीटरच्या पुढे गेलेले असता. चौपदरी हायवेवर मागचे फक्त हॉर्न वाजवतील. पेठ रोडसारख्या दुपदरीवर मात्र तेवढा वेळ उलट्या बाजूने काढायचा म्हणजे जिवाशी खेळ.

पण बीप काय, गव्हर्नर काय, मला दोघांचाही खरा दोष वेगळाच वाटतो. दोघांनाही रस्ता कळत नाही. समृद्धीवर कारला एकशेवीसची परवानगी आहे, तिथे बीप ऐंशीलाच कुरकुरायला लागतो. आणि गंगापूर रोडवर संध्याकाळी कुणी सत्तरने आला तर दोघेही गप्प, कारण त्यांच्या लेखी अजून काही बिघडलेलंच नाही. धोका तर तिथेच. चाळीसऐवजी साठने जाणाऱ्या गाडीची धडक सव्वादोन पट ऊर्जेची असते. ब्रेककडे पाय जायला एक सेकंद लागला तर त्या सेकंदात चाळीसला अकरा मीटर जातात, साठला जवळपास सतरा. मधल्या सहा मीटरमध्ये एखाद्या आजी डिव्हायडरवरून खाली उतरलेल्या असतात.

युरोपने यावर काढलेला मार्ग मधला आहे. जुलै 2024 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये, कॅमेऱ्याने पाटी वाचून किंवा नकाशावरून त्या रस्त्याची मर्यादा ओळखणारी यंत्रणा लागते. मर्यादा ओलांडली की ती आवाज करते, किंवा पेडल थरथरवते, किंवा पेडलने पायाला उलटा दाब देते, नाहीतर वेगच हळूहळू उतरवते. यातलं काय द्यायचं ते कंपनीने ठरवायचं. पाय जोरात दाबला की ती माघार घेते, म्हणजे ओव्हरटेकची अडचण सुटते. बंदही करता येते, पण पुढच्या वेळी गाडी सुरू केली की पुन्हा हजर. मग याला इशारा म्हणायचं की अडवणूक, हाच प्रश्न पडतो. माझ्या मते हा कोपर आहे. शेजारी बसलेला माणूस ढोसतो ना, तसा.

मला विचाराल तर शहरात अडवणारी यंत्रणा हवी आणि हायवेवर ढोसणारी. नुसत्या आवाजाला कान सरावतात. मामांनाच बघा, आता टिंग टिंग सुरू झालं की ते गाण्याचा आवाज दोन घर वाढवतात. शहरात सत्तरने जायचं तातडीचं कारण अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याकडे असतं, आणि अ‍ॅम्ब्युलन्स, अग्निशमन, पोलीस यांच्या गाड्यांना वेगनियंत्रकाच्या नियमातून आजही सूट आहे.

असली पाटी वाचणारी गाडी उद्या नाशकात आली तर मामांना तिच्यात बसवून एका वळणावर न्यायची माझी इच्छा आहे. तिथे वेगमर्यादेची गोल पाटी आहे. तिच्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय. भाऊंच्या गॉगलच्या मागून पाटीतलं फक्त शून्य दिसतं.