सेटर घडवण्याचा खर्च कोणाचा?

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कातणारं मशिन, चालू असतं. मध्येच कटिंगचा आवाज किंचित बदलतो. मुरलेल्या सेटरला, म्हणजे मशिन कामासाठी लावून देणाऱ्या कारागिराला, लगेच कळतं, इन्सर्टची (कापणाऱ्या छोट्या पात्याची) धार गेली. तो मशिन थांबवतो, इन्सर्टची दुसरी धार लावतो, पहिला जॉब, म्हणजे कातलेला भाग, मायक्रोमीटरने मोजतो आणि ऑफसेट, म्हणजे मशिनला दिलेली पात्याच्या जागेची दुरुस्ती, ०.०२ मिलिमीटरने बदलतो. कर्ज काढलं की तेच मशिन शेजारच्या गाळ्यातही येईल. हा कान मात्र कुठल्याच डीलरकडे मिळत नाही.

याला अर्थशास्त्रात मानवी भांडवल म्हणतात. जमीन, यंत्रं आणि कामाचे तास एवढ्यानेच देशाच्या उत्पन्नातली वाढ उलगडत नाही, शिक्षण आणि आरोग्यावरचा खर्चही गुंतवणूकच असतो, असं अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० च्या सुमारास ठामपणे मांडलं. त्यांना १९७९ साली नोबेल मिळालं.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या पुस्तकात केलेला उलगडा. मालकाने पोराला सेटिंग शिकवलं, तर ते कौशल्य कुठल्याही कारखान्यात चालतं. उद्या शेजारच्याने दोन हजार जास्त दिले की शिकवणाऱ्याचा खर्च पाण्यात. म्हणून असं शिक्षण बहुतेक वेळा शिकणाराच कमी पगार घेऊन विकत घेतो. याच कारखान्यातल्या एखाद्या खास फिक्स्चरची (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाची) खुबी मात्र बाहेर कोणाच्या उपयोगाची नाही. ती शिकवायला मालक खुशीने पैसे घालतो. ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांनाही हेच गणित लागू पडतं.

अडचण अशी, की कमी पगारावर दोन वर्षं काढणं प्रत्येक घराला परवडत नाही. बँक लेथ तारण ठेवून घेते. कौशल्य तारण ठेवता येत नाही, ते माणसाबरोबर संध्याकाळी ठाणे लोकल पकडतं. हुशार पोरं इथेच गळतात, आणि हे मला फार लागतं.

इथे सरकारने वाटा उचलणं रास्तच. शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा १९६१ पासून आहे. २०१६ च्या योजनेत केंद्राने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये, देऊ केला. पण पोराला वर्षभर नुसता माल उचलायला लावला, तर या पैशातून कौशल्य तयार होत नाही. पहिल्याच महिन्यात त्याच्या हातात मायक्रोमीटर द्यावा, आणि त्याच्याकडून चार जॉब रिजेक्ट झाले तर ते शिकवणीच्या खर्चात धरावेत.