मर्यादवेल : समुद्राचा दुतोंड्या मारुती

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी विचारतो, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलंय?’ कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. पूर मोजायचं आमचं माप हेच. समुद्रालाही असं एक माप आहे, फक्त ते दगडाचं नाही, जिवंत आहे. कोकणात वाळूच्या किनाऱ्यावर, भरतीचं पाणी जिथे थांबतं त्याच्या जरा वर, एक वेल लांबवर पसरलेला दिसतो. तो मर्यादवेल. समुद्र हा वेल ओलांडत नाही, अशी जुनी समजूत. नाव त्यावरूनच आलं.

ओळखायला सोपा. पान आपट्यासारखं टोकाशी दुभंगलेलं, पण जाड आणि गुळगुळीत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसला त्यात शेळीचा खूर दिसला, म्हणून १७५३ साली त्याने नावात ‘पेस-काप्रे’, म्हणजे शेळीचा पाय, असे शब्द घातले. आज शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्रे. फूल जांभळट गुलाबी, नरसाळ्यासारखं, आत गडद. नदीकाठी माजणारी बेशरम आणि उपवासाचं रताळं याच आयपोमिया गटातली, त्यामुळे फूल पाहताच ओळखीचं वाटतं. त्याच वाळूत गुलाबी फुलांचा आणखी एक वेल सापडतो. पण त्याचं पान तीन दलांचं आणि फूल वालाच्या फुलासारखं असतं.

मग समजुतीत तथ्य किती? पाण्याला वेल अडवत नाही, पाणीच वेलाला अडवतं. खारा वारा, तुषार, तापलेली वाळू हे सगळं तो सोसतो. रोजच्या लाटांचा मारा मात्र सोसत नाही. जिथे एरवी लाटा पोचत नाहीत तिथेच तो टिकतो. वादळात लाटा त्याच्यावरूनही जातात. तरी ज्यांनी हे नाव ठेवलं, त्यांनी किनारा नीट वाचला होता, असं मला मनापासून वाटतं. कारण पुढची गोष्ट अशी : या वेलाला पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात. उडती वाळू त्यात अडते, ढीग वाढतो, वेल पुन्हा त्यावर चढतो. अशा वाळूच्या टेकड्या उधाणाला खरोखरच थोपवतात.

त्याच्या लवदार बिया मात्र खाऱ्या पाण्यावर तरंगत दूर जातात आणि तरीही रुजतात. म्हणूनच आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत उष्ण किनाऱ्यांवर हाच वेल भेटतो.

फूल पाहायचं तर किनाऱ्यावर सकाळीच जा. दुपारच्या उन्हात ते मिटतं.