ब्रॉयलरला इकोलायची लस एवढी उशिरा का आली?

लासोटा (राणीखेतची लस) कधी, गंबोरोची लस कधी हे आपल्याकडं शेडवरच्या पोरालाही पाठ असतं त्यामुळं व्हायरसच्या लशी सोडून देतो. प्रश्न जिवाणूंच्या लशीचा आहे, त्यातही ब्रॉयलरला, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबडीला, आजारी पाडणाऱ्या इकोलाय या जिवाणूच्या.

खरंतर सुरुवात कोंबडीपासूनच झालीय. १८७९ च्या सुमारास फ्रान्समध्ये कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जिवाणू प्रयोगशाळेत कमजोर करून टोचले आणि त्या कोंबड्या पुढं आजाराला दाद देईनात. नंतर फाउल टायफॉइड, कोरायझा, मायकोप्लाझ्मा या जिवाणूंच्या आजारांच्याही लशी आल्या पण त्या मुख्यतः लेयर (अंड्यांची कोंबडी) आणि ब्रीडरसाठी (जिच्या अंड्यातून पिल्लं काढतात ती), कारण तो पक्षी वर्षभर तरी राहतो, एकेकाला धरून इंजेक्शन दिलं तरी परवडतं. ब्रॉयलर ४० दिवसांत गाडीत चढतो, लशीचा असर यायलाच दोनेक आठवडे जातात, आणि तोपर्यंत मरतूक सुरू झालेली असू शकते.

दुसरं कारण म्हणजे स्वस्त अँटिबायोटिक. १९५० च्या आसपास अमेरिकेत दिसलं की खाद्यात थोडं अँटिबायोटिक टाकलं की पिल्लू लवकर भरतं, तिथून ते जगभर पसरलं. युरोपनं वाढीसाठीचा हा वापर २००६ मध्ये पूर्ण बंद केला. आपल्याकडं करार पद्धत आली त्यात पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं आणि शेड, लाईट, तूस, राबणं आपलं, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत पाण्यातून अँटिबायोटिक हे बऱ्याच ठिकाणी शेड्यूलमध्येच बसून गेलं. थंडीत पडदे बंद, लिटर (खाली पसरलेलं तूस) ओलं, अमोनिया डोळ्याला झोंबतोय, आधी सीआरडी (श्वासाचा जुनाट आजार) लागतो आणि त्याच्या पाठीवर इकोलाय, पक्षी फाडला की हृदयावर आणि लिव्हरवर पांढरट पापुद्रा. मग परत औषध.

यातलं सगळ्यात वादाचं औषध कोलिस्टिन. हे जुनं औषध, किडनीला त्रास होतो म्हणून माणसांत १९७० नंतर मागं पडलेलं, पण बाकीची औषधं लागू पडेनात तेव्हा आयसीयूत शेवटचा उपाय म्हणून परत आलं. २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला दाद न देणारं जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात सरळ उडी मारतं, आणि ते डुकरांत, मांसात, पेशंटमध्येही सापडलं. जुलै २०१९ मध्ये केंद्रानं खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि खाद्यात कोलिस्टिन बंद केलं. पुढच्याच महिन्यात कृष्णेला महापूर आला, पलूस-वाळव्याकडं माणसं आणि जनावरं वाचवायची पडलेली त्यामुळं सांगलीत यावर बोलायला कुणाला सवडच नव्हती.

बंदी बरोबर होती असं मला ठामपणे वाटतं, आपल्याच घरातलं माणूस आयसीयूत असेल तर ते औषध चालायला पाहिजे. पण त्यावेळी जे म्हणत होते की पर्याय हातात न देता औषध काढून घेतलं, त्यांचंही खोटं नव्हतं. मर वाढली की एफसीआर (किलोभर वजनाला लागणारं खाद्य) बिघडतो आणि ग्रोइंग चार्ज, म्हणजे कंपनी देते ती पाळणावळ, कापला जातो तो पाळणाऱ्याचा, आणि औषधाचं शेड्यूल मात्र त्यानं ठरवलेलं नसतं. बंदीत या माणसाचा विचार कुठं दिसत नाही, आणि याचंच जास्त वाईट वाटतं.

पर्याय तसा बाहेर तयार होता. इकोलायचं एक जनुक काढून टाकून केलेली जिवंत लस, ती जिवाणू शरीरात फार काळ तग धरत नाही पण प्रतिकारशक्ती जागी करते, हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लावर स्प्रे करता येते, इंजेक्शन नको. ती ओ७८ या प्रकारापासून केलेली, इकोलायचे प्रकार मात्र ढीगभर, सगळ्यांवर सारखी चालेल असं नाही. शिवाय पडदे, लिटर, पाणी सुधारलं नाही तर कुठलीच लस पुरी पडणार नाही.

आणि खरी गाठ पहिल्या आठवड्यातच आहे. लस जिवंत जिवाणूची, म्हणजे पिल्लं उतरल्या उतरल्या सवयीनं पाण्यात अँटिबायोटिक सोडलं तर आजाराच्या जिवाणूंबरोबर लसही मरते, पैसे पाण्यात. क्लोरीनचं पाणी असलं तरी पाण्यातून देताना तेच. हॅचरीत काय मारलंय हे कंपनीला माहीत, शेडवर औषध सोडणारा वेगळाच. त्यामुळं जत असो नाहीतर शिराळा, पिल्लांची गाडी आली की पहिलं औषध टाकीत ओतायच्या आधी सुपरवायझरला विचारायचं, हॅचरीत कुठली लस झालीय, आणि ते बॅचच्या कार्डावर लिहून घ्यायचं.