याले गुणू का भागू?

शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहून खडू खाली ठेवायच्या आत प्रश्न येतो, "सर, याले गुणू का भागू?" यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या चौथीच्या वर्गात हे रोजचंच. यात पोरांचा दोष नाही. 'प्रत्येकी' दिसलं की गुणायचं, 'वाटले' दिसलं की भागायचं, ही खूण आम्हीच शिकवली. मग '24 संत्री प्रत्येकी 6 दिली, तर किती मुलांना मिळतील?' याचं उत्तर 144 येतं.

आता मी आधी चिंचोके देतो. 24 चिंचोके म्हणजे 24 संत्री. 6 मुलांना सारखी वाट, असं म्हटलं की पोरगी फरशीवर खडूने सहा गोल काढते आणि पत्ते वाटावेत तसा एकेक चिंचोका टाकत फिरते. चौथ्या फेरीला मूठ रिकामी. मग सांगतो, याच संत्र्यांच्या 6-6 च्या पिशव्या भर. आता गोल लागत नाहीत. ती सहा चिंचोके मोजून एकदम बाजूला सारते, पुन्हा सहा, पुन्हा सहा. चार ढीग. वहीत दोन्ही वेळा 24 ÷ 6 = 4 च, पण पहिला 4 एकाच्या वाट्याची संत्री सांगतो, दुसरा पिशव्या. भागाकाराचे हे दोन अर्थ हातांना आधी कळतात. ढीग परत गोळा करताना ती 6, 12, 18, 24 म्हणते, तेव्हा गुणाकारही तिथेच सापडतो. पाढे पाठ हवेतच, पण ते या मोजणीचा वेळ वाचवायला.

पाढ्यांआधी अशी उदाहरणं झेपतील का, असं पालक विचारतात. झेपतात. अमेरिकेत थॉमस कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बालवाडीच्या वयाच्या 70 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर अशी उदाहरणं सोडवलेल्या या मुलांपैकी 32 जणांनी नऊच्या नऊ उदाहरणांना योग्य रीत वापरली, तीही बहुतेक वेळा वस्तू मांडून किंवा मोजून.

बाकी उरली की खरी परीक्षा. 1980 च्या दशकात तिथल्याच 13 वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये 36 सैनिक बसतात, तर 1128 सैनिकांना किती बस लागतील? सुमारे 70 टक्के मुलांचा भागाकार बरोबर होता, पण 32 बस हे उत्तर जेमतेम 23 टक्क्यांनी दिलं. कित्येकांनी '31, बाकी 12' लिहून वही मिटली.

आमच्याकडे मी बसऐवजी कापूस घेतला. वेचलेला कापूस 130 किलो, एका बोऱ्यात 40 किलो मावतो, तर बोरे किती लागतील? वर्गातल्या हुशार पोराने लिहिलं, 'भागाकार 3, बाकी 10'. मागच्या बाकावरची, दिवाळीनंतर आईसोबत वेचणीला जाणारी पोरगी त्याच्याकडे बघून म्हणाली, "चौथा बोरा घ्याच लागन ना! उरला कापूस काय वावरातच ठेवाचा?"