ग्वाल्हेरहून आलेली तार

ड्यूक, अर्ल आणि मोडता मोडता जुळणारी लग्नं, अशा इंग्रजी कादंबऱ्या बहुधा १८११ ते १८२० या काळात घडतात. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झालेला, राजपुत्र रीजंट म्हणून, म्हणजे राजाच्या जागी, कारभार पाहतोय. लेखिका जॉर्जेट हेयरने १९३५ पासून हा काळ कादंबरीत आणला आणि पुढच्यांनी तीच वाट मळली. (लंडनच्या नाचगाण्यांच्याच वर्षांत, १८१८ साली, इकडे पेशवाई बुडाली, या नायक-नायिकांच्या ते गावीही नसतं.)

तिथे किताब आणि जमीन थोरल्या मुलाची, धाकट्याच्या वाट्याला फारसं काही नाही. म्हणून लग्न हा इस्टेटीचा व्यवहार. नायिकेच्या नकाराला वजन येतं ते त्यामुळेच. झुंबरं आणि घोडागाड्या ही नुसती आरास.

मराठीत १८६१ ची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी अद्भुतरम्य होती. १८७१ मध्ये गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने शिवकाल आणला. तेव्हापासून आपल्या ऐतिहासिक कादंबरीत तलवार पुढे आणि प्रेम मागे राहिलं, असं मला वाटतं.

बडोद्यात मात्र अशी गोष्ट खरीच घडली. सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे यांचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. माधवराव वयाने पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, शिवाय आधीच विवाहित. १९११ च्या दिल्ली दरबारात इंदिराराजेंना बंगालकडच्या कूचबिहार संस्थानाचे धाकटे राजपुत्र जितेंद्रनारायण भेटले. इंदिराराजेंनी घरात कुणाला न सांगता ग्वाल्हेरला पत्र धाडलं. लग्नाची तयारी चालू असताना बडोद्याला तार आली: राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय?

सयाजीराव म्हणजे १९०४ मध्ये बालविवाहाला कायद्याने बंदी घालणारे, १९१० पासून गावोगाव वाचनालयं उभारणारे महाराज. पण मुलीने स्वतः निवडलेला, ब्राह्मो समाजाच्या घराण्यातला जावई त्यांनाही पटेना. सुधारणेची कसोटी घरातच लागते! अखेर १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं, आईवडिलांवाचून. काही आठवड्यांतच जितेंद्रनारायणांचे थोरले भाऊ वारले आणि धाकट्याला गादी मिळाली.

कादंबऱ्या सहसा इथेच थांबतात. जितेंद्रनारायण १९२२ मध्ये, ऐन छत्तिशीत वारले. मुलगा लहान होता, म्हणून कूचबिहारचा कारभार रीजंट या नात्याने इंदिराराजेंनी पाहिला.